किनाऱ्यावरची लसूण

लसूण लावायची ती पावसाळा सरल्यावर, आणि तिच्याविषयी बोलायचे ते वसंतात, हे वरवर पाहता अवेळचे वाटेल. परंतु लसणीचे बियाणे निवडण्याची वेळ हीच होय. फेब्रुवारी ते एप्रिल ह्या महिन्यांत घाटावरची नवी लसूण बाजारात येते. त्या वेळी गड्डे भरदार असतात, साल सुकलेली असते आणि पाकळ्या टणक असतात. जो गृहस्थ नोव्हेंबरात जागा होऊन बियाणे शोधू लागतो, त्याच्या हाती सात-आठ महिने साठवणीत पडलेली, वजनाने हलकी झालेली लसूण येते, आणि भावही त्या सुमारास बहुधा चढेच असतात. २०२४ साली तर शहरांच्या किरकोळ बाजारात लसणीने किलोमागे ४०० रुपयांची मजल ओलांडली होती. अशा वेळी परड्यात चार वाफे लावून पाहावे, असा विचार कोणाच्याही मनात सहज येतो.

तो विचार चांगला आहे. मात्र मालवणच्या किनाऱ्यावर त्याला एक मोठी अडचण आहे, आणि ती समजून न घेता लसूण लावली तर निराशाच पदरी येते. आपल्या स्वयंपाकघराकडे पाहावे. नारळ आपल्या आगरातला, सोले आपल्या रतांब्यांची, तिरफळे आपल्या डोंगरातली, कुळीथ आपल्या शेतातला. परंतु कुळथाच्या पिठीला जिची फोडणी पडते आणि सोलकढीत जी वाटून घालावी लागते, ती लसूण मात्र घाट उतरून येते. हे असे का? आपल्या लोकांना लसूण लावता येत नाही म्हणून? मुळीच नाही. ज्या हातांनी भाताच्या कापणीनंतर वायंगणात मुळा, माठ, मिरची पिकते, त्या हातांना लसूण अवघड नाही. अडचण हातांची नसून हवेची आहे.

लसणीचे माहेर

लसणीचे मूळ स्थान मध्य आशियात, तिएनशान पर्वताच्या आसपासच्या प्रदेशात आहे, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. तेथील हिवाळा हाडे गोठविणारा, बर्फाचा. उन्हाळा कोरडा आणि दिवस लांबच लांब. अशा ठिकाणी जगायचे तर वनस्पतीला काही युक्ती करावी लागते. लसणीची युक्ती अशी की, हिवाळ्यात थंडी अंगावर घ्यायची, वसंतात पात वाढवायची आणि उन्हाळा कडक होण्यापूर्वी सगळा साठा जमिनीखालच्या गड्ड्यात भरून स्वस्थ झोपी जायचे. गड्डा म्हणजे लसणीची शिदोरी.

ह्याच पर्वताच्या दक्षिण पायथ्याशी कुचा नावाचे जुने गाव आहे. तेथे १८९० साली बॉवर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती भूर्जपत्रावरचे एक जुने हस्तलिखित आले. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या संस्कृत पोथीतील वैद्यकाचा पहिलाच भाग लसणीच्या गुणांविषयी आहे. लसणीच्या माहेरघरीच लसणीची संस्कृत स्तुती सापडावी, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. ही वनस्पती आणि तिची कीर्ती किती जुन्या वाटांनी फिरली, ह्याची त्यावरून कल्पना येते.

ह्या प्रवासात लसणीने एक गोष्ट मात्र गमावली. आपण लावतो त्या लसणीला खरे बी धरत नाही. माणसाने शतकानुशतके मोठ्या पाकळ्या निवडून त्याच पुन्हा लावल्या, आणि फुलून बी धरण्याची तिची शक्ती जवळजवळ नाहीशी झाली. म्हणून आपण ज्याला लसणीचे बियाणे म्हणतो ती वस्तुतः पाकळी होय, आणि प्रत्येक नवे झाड हे आईचीच हुबेहूब प्रत असते. ह्याचे दोन परिणाम होतात. एक, आईला एखादा विषाणुजन्य रोग असेल तर तो लेकीला आंदण मिळतो. दुसरा, नव्या हवेशी जुळवून घेणारे नवे वाण निपजणे फार कठीण जाते. मिरची परदेशातून आली आणि चारशे वर्षांत कोकणी होऊन गेली. लसूण तिच्या फार आधी आली, तरी थंडीची सवय तिने अद्याप सोडलेली नाही.

दिवस आणि रात्र

गड्डा धरण्यासाठी लसणीला दोन गोष्टी लागतात: आधी थंडी, मग वाढता दिवस आणि वाढती ऊब. ह्यांतील नेमके कमी काय पडते, हे आपल्यापुरते तपासून पाहू.

मालवण सुमारे १६ उत्तर अक्षांशावर आहे. येथे डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तास १० मिनिटांचा असतो. पुणे जिल्ह्यातील राजगुरुनगर, जेथे कांदा व लसूण ह्यांचे संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था आहे, ते १९ अंशांच्या जरा अलीकडे आहे. तेथला सर्वांत लहान दिवस आपल्यापेक्षा दहा-अकरा मिनिटांनीच लहान असतो. म्हणजे उजेडाच्या बाबतीत देश आणि कोकण ह्यांत फारसा भेद नाही.

भेद आहे तो रात्रीचा. पुणे-नाशिककडे जानेवारीच्या रात्री पारा १०-११ अंश सेल्सियसपर्यंत सहज उतरतो, आणि कधी त्याच्याही खाली जातो. आपल्याकडे समुद्र शेजारी. दिवसा घेतलेली ऊब तो रात्री परत देतो, आणि वेंगुर्ले-मालवणच्या किनाऱ्यावर भर जानेवारीतही पारा बहुधा १७-१८ अंशांच्या आसपासच थांबतो. आपल्याला ही हवा सुखाची वाटते. लसणीला मात्र हिवाळा आला असे वाटतच नाही. ती पात वाढवीत राहते, आणि मार्चाचे ऊन तापले की घाईघाईने मिळेल तेवढा गड्डा भरून मोकळी होते. कधी कधी तर गड्ड्यात पाकळ्याच पडत नाहीत. लहान कांद्यासारखी एकच गोल पाकळी तयार होते. बाजारात एकपाकळी लसूण औषधी म्हणून मिरवते, परंतु परड्यात ती आली तर थंडी पुरली नाही असेच बहुधा समजावे. ती फेकू नये. तीच पुढच्या वर्षी बियाणे म्हणून लावली तर मोठ्या पाकळीसारखे जोमदार झाड देते.

ह्याच नियमाने आंबोलीकडे पाहावे. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच आहे. उंची हजार मीटर वाढली की हवा साधारण सहा अंशांनी गार होते, ह्या हिशेबाने तेथे किनाऱ्यापेक्षा चार अंश थंडी अधिक धरावी. शिवाय समुद्राची ऊबही तेथवर पोहोचत नाही. एकाच जिल्ह्यात लसणीला परके असे एक हवामान आणि जरा जवळचे असे दुसरे, ही दोन्ही आहेत. ज्यांचे घर घाटमाथ्यावर आहे, त्यांनी आमच्या पुढील सूचनांतील सावधगिरी थोडी सैल केली तरी चालेल.

मागावे काय?

मग किनाऱ्यावर लसूण लावूच नये की काय? तसे नाही. झाडाकडे काय मागायचे हे आधी ठरवावे. आमच्या मते किनाऱ्यावरच्या लसणीचे मुख्य पीक म्हणजे तिची पात. पातीला थंडीचे बंधन नाही. पावसाळा सरल्यावर लावलेल्या पाकळीला आठवड्या-दोन आठवड्यांत कोंब येतात आणि महिन्या-सव्वा महिन्यात पात कापणीला येते. जमिनीपासून दोन बोटे ठेवून कापली तर ती पुन्हा फुटते, आणि अशा दोन-तीन कापण्या मिळतात. ओल्या खोबऱ्याबरोबर वाटलेली पातीची चटणी, पिठीवर भुरभुरलेली कोवळी पात, जवळ्यात शेवटी टाकलेली पात, ह्यांची चव ज्याने घेतली त्याला गड्ड्याचा फारसा विरह वाटणार नाही. मात्र ज्या रोपाची पात कापली त्याच्याकडून गड्डा मागू नये. पातच गड्ड्याला पोसते. म्हणून पातीच्या ओळी आणि गड्ड्याच्या ओळी आरंभापासून निराळ्या ठेवाव्यात.

हिशेबही पाहून ठेवू. एका चौरस मीटरच्या वाफ्यात ओळींत १५ आणि पाकळ्यांत १० सेंटिमीटर अंतर ठेवले तर सुमारे ६५ पाकळ्या बसतात. चार ग्रॅमची पाकळी धरली तर बियाणे होते पाव किलो. घाटावर चांगले पीक हेक्टरी ८ ते १० टन येते, म्हणजे चौरस मीटरला ८०० ग्रॅम ते १ किलो. किनाऱ्यावर त्याच्या निम्मे आले असे समजले तरी पाव किलो पुरून अर्धा किलो निघाला, एवढाच लाभ. तेव्हा बाजारची लसूण बंद होईल ह्या आशेने कोणी लावू नये. पातीचा हिशेब मात्र निराळा आहे: ती बाजारात क्वचित मिळते, मिळाली तर कोमेजलेली मिळते, आणि परड्यातून ती हवी तेव्हा ताजी घेता येते.

उसनी थंडी

आता ज्यांना गड्ड्याचीच हौस आहे, त्यांच्यासाठी एक उपाय. जी थंडी हवा देत नाही, ती आपण बियाण्याला आधीच देऊ शकतो. दक्षिण गोलार्धात ब्राझीलच्या मध्य पठारावर, विषुववृत्तापासून जवळजवळ मालवणाइतक्याच अंतरावर, थंडीवाल्या जातींची लसूण मोठ्या प्रमाणावर पिकविली जाते. पठार उंच असले तरी तेथली थंडी त्या जातींना पुरत नाही. म्हणून तेथील शेतकरी बियाणे सुमारे चार अंशांच्या शीतगृहात दीड-दोन महिने ठेवतात आणि मग लावतात. पाकळीच्या आतील कोंबाला हिवाळा होऊन गेला असे वाटते, आणि पुढे दिवस वाढू लागले की तो गड्डा धरतो.

घरातल्या फ्रिजमध्येही हा प्रयोग करता येतो. साधारण सप्टेंबरच्या अखेरीस चांगले सुके, अखंड गड्डे कापडी किंवा कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नयेत, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नयेत; ओल धरून बुरशी येते. तीस ते चाळीस दिवस पुरे. आपल्या देशी जातींना मुळातच थंडी कमी लागते, आणि थंडी अती झाली तर एकाच झाडाला बाजूने अनेक कोंब फुटून गड्डा बेढब होतो. बाहेर काढल्यावर दिवस-दोन दिवसांत पाकळ्या लावून टाकाव्यात. उष्ण जागी पडून राहिल्या तर घेतलेली थंडी वाया जाते.

येथे आमची एक आग्रहाची सूचना आहे. सर्वच बियाणे थंडीत ठेवू नये. एक ओळ थंडी दिलेल्या पाकळ्यांची आणि शेजारी तितकीच दुसरी ओळ साध्या पाकळ्यांची लावावी. लागवडीची तारीख लिहून ठेवावी आणि काढणीच्या दिवशी दोन्ही ओळींचे वजन करावे. तुमच्या परड्यातल्या मातीत आणि वाऱ्यात काय घडते, ते कोणत्याही पुस्तकापेक्षा ह्या दोन ओळी अधिक खरे सांगतील.

बियाणे आणि वाफा

बियाणे निवडताना मोठ्या, चकचकीत, सातआठ पाकळ्यांच्या डोंगरी लसणीचा मोह टाळावा. ॲग्रीफाउंड पार्वती ह्या नावाची जात हिमालयाच्या उतारांसाठी काढलेली आहे; तिला थंडीही फार लागते आणि दिवसही लांब लागतात. चिनी लसणीचे तर नावच नको. तिच्या आयातीवर भारत सरकारने बुरशीरोगाच्या भीतीने २०१४ साली बंदी घातली. आपल्यासाठी महाराष्ट्राच्या पठारावर वाढणारी, अनेक पाकळ्यांची साधी लसूण बरी. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या गोदावरी आणि श्वेता, किंवा राजगुरुनगरच्या भीमा ओंकार आणि भीमा पर्पल ह्या जाती त्या हवेतल्या आहेत. गड्डा फोडल्यावर बाहेरच्या मोठ्या पाकळ्या लावाव्यात, आतल्या बारीक पाकळ्या फोडणीत टाकाव्यात. बियाण्याची लसूण पावसाळ्यात टिकविणे हीच किनाऱ्यावरची खरी परीक्षा. पातीसकट जुड्या बांधून हवेशीर, कोरड्या जागी टांगाव्यात. चूल असेल तेथे धुराजवळची जागा उत्तम. डब्यात बंद केलेली लसूण श्रावणापर्यंतही धड राहत नाही.

जमिनीविषयी सांगायचे तर, आपली जांभ्याची माती आंबट असते. दर वर्षी पडणारा मुसळधार पाऊस तिच्यातला चुना आणि गंधक दोन्ही धुऊन नेतो. लसणीला आंबटपणा सोसत नाही आणि गंधकावाचून तिचा तिखटपणा येत नाही. म्हणून लागवडीच्या महिनाभर आधी चौरस मीटरला मूठभर विरवलेला चुना मातीत मिसळावा. शिंपल्यांचा चुना मिळाला तर तोही चालतो. चुलीची राख थोडी थोडी घालावी. लागवडीच्या वेळी चांगले कुजलेले शेणखत आणि मूठभर जिप्सम घातले की गंधकाची सोय होते. समुद्राजवळच्या रेताड जमिनीत पाणी ठरत नाही. तेथे शेणखत दुप्पट घालावे.

पाऊस पुरता थांबल्यावर, दिवाळी ते तुळशीचे लग्न ह्या दरम्यान लागवड करावी. वाफा वीतभर उंच असावा, म्हणजे अवकाळी सर आली तरी पाणी साचत नाही. पाकळी सोलू नये. टोक वर, बूड खाली धरून दोन बोटे खोल खोचावी, वर माती सारावी आणि सुका पातेरा पसरावा. पातेऱ्याने माती गार राहते, आणि किनाऱ्यावर एक-दोन अंशांचा गारवाही मोलाचा. पाणी बेताने, रेताड जागी तीन-चार दिवसांनी, भारी मातीत आठवड्याने. विहीर खाडीजवळ असेल तर फेब्रुवारीनंतर पाणी चाखून पाहावे. मचूळ पाण्याने पातीचे शेंडे करपतात. पातीवर पांढुरके चट्टे दिसले तर फुलकिडे आले असे समजून पाण्याचा जोराचा फवारा मारावा, निंबोळीचा अर्क शिंपडावा. ज्या जागी गेल्या वर्षी कांदा किंवा लसूण होती, तेथे ह्या वर्षी नको. जमीनच नसेल त्याने वीतभर खोल कुंडी घ्यावी. तिला भोक असावे आणि ऊन सहा तास मिळावे. कुंडीत पात उत्तम येते.

फेब्रुवारीच्या उत्तरार्धात किंवा मार्चात पात पिवळी पडून माना कलू लागतात. त्याआधी दोन आठवडे पाणी तोडावे. काढलेली लसूण उन्हात न तापविता सावलीत आठ-दहा दिवस वाळवावी.

तिखटपणाचे मर्म

अखंड पाकळीला वास जवळजवळ नसतो, हे आपण रोज पाहतो. तिच्या पेशींत गंधकयुक्त असा एक पदार्थ असतो आणि त्याचे रूपांतर करणारे एक पाचकद्रव्य शेजारच्या वेगळ्या कप्प्यात असते. पाकळी ठेचली की दोघांची गाठ पडते आणि क्षणार्धात अ‍ॅलिसिन तयार होते. तोच लसणीचा झणका. १९४४ साली अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली ह्या रसायनशास्त्रज्ञांनी तो वेगळा काढून दाखविला. हे पाचकद्रव्य उष्णतेने मरते, आणि तीव्र आंबट रसातही निकामी होते. ह्यात सोलकढी करणाऱ्यांसाठी एक व्यवहार आहे: लसूण आधी वाटावी, दोन-चार मिनिटे राहू द्यावी, मग आगळात मिसळावी. अखंड पाकळ्या आगळात टाकून मागाहून वाटल्या तर झणका कमी उतरतो.

आपल्या जुन्या वैद्यांनी लसणीला रसोन म्हटले आहे. सहा रसांपैकी पाच तिच्यात आहेत, एक आम्लरस तेवढा उणा, म्हणून रस-ऊन. कोकणाने ती उणीव कोकमाने भरून काढली आणि सहाही रसांचे काम एका वाटीत केले. घाटावरून आलेल्या लसणीला आपल्या स्वयंपाकघराने असे घरात घेतले. परड्याने तिला घ्यायचे तर परड्याच्या अटी तिला आणि तिच्या अटी आपल्याला कळायला हव्यात.

तात्पर्य एवढेच की, किनाऱ्यावरच्या लसणीकडून पात भरपूर मागावी, गड्डा बेताने मागावा, आणि थंडीचा हिशेब कधी विसरू नये. श्रोत्यांपैकी ज्यांना प्रयोग करावयाचा असेल त्यांनी ह्याच आठवड्यात बाजारातून अर्धा किलो नवी, टणक, देशी लसूण निवडून आणावी, तिच्या जुड्या टांगाव्यात आणि सप्टेंबरच्या अखेरच्या आठवड्यावर दिनदर्शिकेत खूण करून ठेवावी. पुढच्या वसंतात दोन ओळींची वजने घेऊन ते आले, तर ह्या विषयावर आमच्यापेक्षा अधिक सांगण्यासारखे त्यांच्यापाशी असेल.